टेकायची काठी

लाकूड कातणाऱ्या मास्तरांना अख्खी गल्ली ‘टकटक’ म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. दुकानात आलेला प्रत्येक ओंडका ते आधी बोटाच्या पेराने ठोकत, मान तिरकी करून ऐकत आणि मगच लेथवर चढवत. पक्कं लाकूड टणटणीत वाजतं. आतून कुजायला लागलेलं बद्द वाजतं. एवढं साधं शास्त्र, पण थोरल्या भावाने शिकवलेलं ते त्यांनी चाळीस वर्षं पाळलं. सवय इतकी हाडीमाशी भिनली होती की कुणाच्या घरी गेले तरी बसण्याआधी खुर्चीच्या पायावर टिचकी मारायचे. यजमानांना वाटायचं, मास्तर आपल्या फर्निचरला नावं ठेवताहेत. ठेवतही असत.

चाळीस वर्षांत त्यांनी कातलं ते सगळं कामाचं. जिन्याच्या कठड्याचे खांब, खाटेचे पाय, स्टुलं, लाटणी, कुदळीचे नि हातोड्याचे दांडे. शोभेचं काम कुणी घेऊन आलं की नाक मुरडायचे. ज्यावर माणसाचा भार पडत नाही ती काय वस्तू म्हणायची, असं त्यांचं म्हणणं.

पुढे स्टील आलं, प्लास्टिक आलं आणि मास्तरांच्या लेथवर धूळ बसायला लागली. सकाळी दुकान उघडायचं, पटाश्यांना धार लावायची, दुपारी परत तेल पुसून ठेवायच्या. असं वर्षभर चाललं, आणि मग एक दिवस शोभेच्या वस्तूंचं शोरूम चालवणाऱ्या एक बाई गाडीत एक ओंडका घालून आल्या.

ओंडका दोन पावसाळे ओलीत पडून होता. बुरशीने त्याच्या पोटात काळ्या रेघा ओढल्या होत्या, कुणी बारीक टोकाने शाईने काढाव्यात तशा, वळणं घेत, एकमेकींना कुठेही न छेदता. मास्तरांनी ठोकून बघितलं. बद्द.

“बाई, हे सडायला लागलंय. जाळायला न्या.”

“मला सडायला लागलेलंच हवंय, मास्तर,” बाई हसून म्हणाल्या. “आता वाळवलं की सडणं थांबतं. रेघा तेवढ्या राहतात. याची फुलदाणी करून द्या, अंड्याच्या कवचासारखी पातळ.”

दुसरं काम नव्हतं म्हणून मास्तरांनी केली. घरी दाखवायला आणली तेव्हा बायकोने ती हातात घेऊन फिरवली.

“यात पाणी घालायचं?”

“छे, झिरपेल.”

“मग नुसती फुलं?”

“फुलंही नको म्हणतात.”

“मग ही दाणी कशाची?” बायको म्हणाली, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

हसले खरे, पण मास्तर पुढे हुरळले. शोरूमच्या काचेआड त्यांची फुलदाणी ठेवली, वर दिवा सोडला, खाली ‘फक्त शोभेसाठी’ अशी पाटी लावली. लोक थांबून बघायचे. मास्तर काही तरी आणायच्या निमित्ताने त्या रस्त्याने जायचे आणि बघणाऱ्यांच्या मागे उभं राहून ऐकायचे. लोकांनी चाळीस वर्षं त्यांच्या कामावर बूड टेकलं होतं, हात टेकला होता, त्याकडे डोळे वर करून बघितलं कुणीच नव्हतं. म्हातारपणी अंगावर मूठभर मांस चढलं तर माणसाला बोल कसा लावायचा? दोन वर्षांत त्यांनी रेघांच्या लाकडाची कितीतरी भांडी केली. आणि त्या लाकडाला ठोकून बघणं सोडून दिलं, कारण ते बद्दच वाजणार हे ठरलेलं.

त्या हिवाळ्यात बायको न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग दोन महिने वॉकर. मग व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, आता काठी धरा, हळूहळू काठीही सुटेल.

“औषधाच्या दुकानात ॲल्युमिनियमची मिळते,” बायको म्हणाली. “येताना घेऊन या.”

मास्तरांना ते झोंबलं. “कातारीची बायको पत्र्याची नळी धरून चालणार?”

“मग माळ्यावर तुमचे कुदळीचे दांडे पडलेत ना, त्यातला एक कापून द्या. मला टेकायची काठी हवी, मिरवायची नको.”

माळ्यावर दांडे होते. वीस वर्षं वाळलेले, दगडासारखे. एका सकाळचं काम होतं. पण मास्तरांच्या मनात भलतंच आलं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हिच्यासाठी म्हणून एकही वस्तू केली नव्हती. गिऱ्हाइकाने परत केलेलं लाटणं, एक पाय आखूड झालेलं स्टूल, असलंच काही तरी घरी यायचं, आणि ती त्यावर वर्षानुवर्षं काम भागवायची. आता हिच्यासाठी करायचं तर असं करायचं की रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. शोरूमवाल्या बाईंपासून लपवून ठेवलेला रेघांचा एक लांब तुकडा त्यांच्याकडे होता. तो त्यांनी काढला.

तीन दिवस ते त्या काठीला चिकटून होते. लांब लाकूड लेथवर फिरताना मध्ये थरथरतं, त्याला डाव्या हाताने आधार देत उजव्या हाताने पटाशी चालवावी लागते. मुठीखाली त्यांनी तीन मणी कातले आणि त्यांच्याखाली मान बारीक केली, इतकी नाजूक की रेघा तिच्याभोवती गोल फिरताना दिसाव्यात. मेण चोळलं. काठी हातात धरून उजेडाकडे नेली आणि त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

आणि मग नकळत, जुन्या सवयीने, बोटाचं पेर मानेवर वाजलं.

बद्द.

त्यांनी खालच्या बाजूला ठोकलं. तिथे आवाज बरा होता. परत मानेवर ठोकलं. परत तेच. मग ते स्वतःशी म्हणाले, आपले कान आता म्हातारे झाले. म्हणाले, लाकडात अजून थोडी ओल असेल. म्हणाले, ती आहेच कितीशी वजनाला. त्यांनी काठीवर स्वतः भार टाकूनही बघितला, पण ज्याला पास करायचंच ठरवलंय त्याची परीक्षा घ्यावी तसा, जरासा. काठी टिकली. माळ्याची शिडी चार पावलांवर होती. ते तिच्याकडे गेले नाहीत.

बायकोने काठी हातात घेतली. एका रेघेवर बोट ठेवून ती कुठे जाते ते बघत राहिली.

“कुणी परत केली?” तिने विचारलं.

“कुणी नाही. तुझ्यासाठी केली.”

“खरंच?”

“मग काय खोटं बोलतोय?”

त्या दिवसापासून ती बाहेर पडायला लागली. जिला घरातल्या घरात चालायचा कंटाळा होता ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची, आणि वाटेत भेटेल त्याच्या हातात काठी द्यायची. शोरूमवाल्या बाईंनी ती बघितली आणि त्यांचे डोळेच विस्फारले. “अहो, ही भिंतीवर काय दिसेल!” त्या म्हणाल्या.

“भिंतीवर कशाला?” बायको म्हणाली. “चालते की ही.”

मास्तर शेजारीच उभे होते. बोलायची वेळ होती ती. रोज ते ठरवायचे, आज काढून घेऊ, सांगू की जरा दुरुस्त करतो, आणि दांडा देऊ. रोज तिचं तोंड बघायचे आणि गप्प बसायचे. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी ती त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. दुकानाच्या मागच्या, घराकडच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. एका हातात कप, दुसऱ्या हातात काठी. मधल्या पायरीवर तिने दुखरा पाय उचलला आणि सगळा भार हातावर घेतला. मास्तर लेथपाशी होते, तोंड तिच्याकडेच होतं. लाकूड मोडल्याचा मोठा आवाजसुद्धा झाला नाही. बिस्किट मोडावं तशी काठी मानेत मोडली, मूठ तिच्या हातात राहिली आणि ती खुब्यावर, पायरीच्या कडेवर पडली.

हाड त्याच जागी मोडलं होतं. डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बोलावून सांगितलं, हाडात आता जीव नाही, स्क्रू धरायला जागा नाही, यापुढे चालणं विसरा. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर पाठीला जखमा होतात. एवढं एक सांभाळा, म्हणाले.

मास्तरांनी ते सांभाळलं. दुकानाला कुलूप घातलं. एक हात मानेखाली, एक मांड्यांखाली, मग तिला हळूच आपल्याकडे ओढून वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी. दवाखान्यातल्या नर्सने शिकवलेलं ते दिवसरात्र दर दोन तासांनी करत. ती त्यांच्या गळ्यात हात टाकायची आणि म्हणायची, “जड झालेय ना मी?”

सगळ्यात वाईट गोष्ट ही की ती त्यांनाच समजावायची. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, “काठी बिचारी काय करणार? मीच वेंधळी. एका हातात कप, आणि सगळं वजन टाकलं तिच्यावर.” मास्तर खाली बघत बसायचे. लोकांना वाटायचं, बायकोच्या दुखण्याने माणूस खचला.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी शेजारीण आली. बायकोने तिला तेच सांगितलं, आणि वर म्हणाली, “एक्केचाळीस वर्षांत यांनी माझ्यासाठी एक वस्तू केली बघा. तीही मी मोडून ठेवली.” आणि तिला रडू आलं. पडल्यापासून पहिल्यांदा ती रडली, ते काठीसाठी.

शेजारीण गेल्यावर मास्तर खाटेजवळ स्टूल ओढून बसले.

“तुझं काही चुकलं नाही,” ते म्हणाले. “काठी मानेत कच्ची होती.”

“तुम्हाला काय माहीत?”

“माहीत होतं.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. “केव्हापासून?”

“झाली तेव्हापासून. वाजवून बघितली होती.”

“बद्द वाजली?”

“हो.”

“आणि तरी दिलीत.”

मास्तरांना खूप काही सांगायचं होतं. तुला काही तरी सुंदर द्यायचं होतं, वाटलं टिकेल, कान म्हातारे झाले. तोंडातून निघालं ते एवढंच, “फार सुंदर झाली होती गं.”

तिने मान हलवली, समजल्यासारखी. मग विचारलं, “गिऱ्हाईक असतं तर दिली असती?”

खोटं बोलायला ती शेवटची संधी होती. पण इतके दिवस गप्प राहून मास्तरांच्या अंगात खोटं बोलायचंही बळ उरलं नव्हतं.

“नाही,” ते म्हणाले.

बाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. कूस बदलायची वेळ झाली होती म्हणून मास्तर उठले आणि त्यांनी सवयीने तिच्या मानेखाली हात घातला.

“हात लावू नका,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “उचलायला बाई ठेवा.”

“बाई मिळेपर्यंत तरी...”

“मिळेपर्यंत राहू द्या.”

बाई मिळायला चार दिवस लागले. ते चार दिवस मास्तर दर दोन तासांनी दारात येऊन उभे राहायचे. “वळवू?” म्हणायचे. ती छताकडे बघत “नको” म्हणायची, आणि ते परत जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी हात जोडून बघितलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीला बोलावून आणलं, तिलाही बायकोने “मला काही होत नाहीये” म्हणून परत पाठवलं. जबरदस्तीने उचलावं असं मास्तरांच्या हजारदा मनात आलं, पण पुढे केलेले हात ते मागे घ्यायचे. आपला हात तिला लागू नये एवढीच एक गोष्ट तिने त्यांच्याकडे मागितली होती, आणि ती मोडायची त्यांची छाती झाली नाही. गरम पाणी, खाणं, औषध ते वेळेवर आणून ठेवत. ते ती घ्यायची.

चौथ्या दिवशी सकाळी बाई आली. जाडजूड, कामाला वाघ. तिने पदर खोचला, एका झटक्यात बायकोला कुशीवर घेतलं आणि पाठ बघून थबकली. कमरेच्या खाली तळहाताएवढी जागा काळीनिळी होऊन फुटली होती. मास्तर गरम पाण्याचं पातेलं घेऊन दारात आले होते, त्यांनाही ती दिसली.

“अहो, हे काय होऊन बसलंय!” बाई म्हणाली. “इतके दिवस कुणी कूस नाही बदलली? घरात कुणी नव्हतं का?”

बायकोचं तोंड भिंतीकडे होतं.

“नाही,” ती म्हणाली. “कुणी नव्हतं.”

मास्तरांनी पातेलं दाराशी खाली ठेवलं आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.