चौथ्या अल्बमचा निकाल

त्या एका बँडबद्दल चष्मेवाल्याचं मत पंचवीस वर्षांत तसूभरही हललं नव्हतं. पहिल्या तीन अल्बममध्ये बँड अंगावर येत होता, चौथ्यात त्यानं मान टाकली. शेजारच्या घड्याळजीचं म्हणणं नेमकं उलटं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघे यावरून हमरीतुमरीवर येत, आणि समोरचा शिंपी मशीन थांबवून मजा बघत बसे.

"चौथ्यापासून ते विचार करायला लागले," घड्याळजी म्हणे.

"विचार करायला आपण आहोत की! त्यांनी वाजवावं."

खरं तर हा निकाल चष्मेवाल्याचा नव्हताच, त्याच्या थोरल्या भावाचा, दादाचा होता. दादानं पहिले तीन अल्बम स्वतःच्या टेपवर कॅसेट झिजेपर्यंत ऐकले. चौथा आला तेव्हा धाकट्याला सोबत घेऊन मित्राकडे सीडीवर तीन गाणी ऐकली आणि उठला. "म्हातारे झाले रे हे," एवढंच बोलला. पुढच्याच वर्षी दादा गेला. धाकट्याच्या वाट्याला दुकान आलं, टेप आला आणि हे मत आलं. ते सोडणं म्हणजे दादाला सोडणं, असं त्याला मनापासून वाटे. माणूस हट्टी खरा, पण त्या हट्टात माया होती.

परवा टेपच्या मोटरचा रबरी पट्टा तुटला. घड्याळजीनं नवा बसवून, मशीन साफसूफ करून दिलं. चष्मेवाल्यानं तिथंच पहिला अल्बम लावला आणि त्याचं डोकं सणकलं. ड्रम रेंगाळत होते, गायकाचा आवाज जाड झाला होता.

"वाट लावलीस याची! सगळं चौथ्या अल्बमसारखं वाजतंय."

घड्याळजीनं कॅसेटचं कव्हर उचललं. त्यावर पहिल्या गाण्याची वेळ छापली होती, चार मिनिटं बारा सेकंद. त्यानं गाणं पुन्हा लावून स्टॉपवॉच सुरू केलं. गाणं बरोबर चार-बाराला संपलं.

"मोटर पहिल्यापासून जोरात पळत होती," तो हळूच म्हणाला. "मी फक्त वेग नीट केला. जुना हवा असेल तर स्क्रू फिरवून देतो, मिनिटाचं काम."

चष्मेवाला स्टुलावर बसला. म्हणजे बँड म्हातारा झालाच नव्हता. दादानं तीन अल्बम पळत्या मशीनवर ऐकले, चौथा सरळ वेगात, आणि निकाल देऊन मोकळा झाला.

"दादा चुकला," तो म्हणाला. हे तोंडातून निघताना त्याला फार जड गेलं.

"फिरवू स्क्रू?"

"नको. चौथा अल्बम लाव. तुझ्याकडे आहे ना?"

घड्याळजीनं फोनवर लावला. तिसरं गाणं संपलं. दादा इथंच उठला होता. धाकटा बसून राहिला. पुढच्या गाण्यात एकच गिटार होती आणि गायक जवळजवळ बोलल्यासारखा गात होता.

"हे कुठलं?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"कुठलं म्हणजे? तू ऐकलं नाहीस कधी? अरे, मग पंचवीस वर्षं माझ्याशी भांडलास कशावरून?"

चष्मेवाल्यानं हातानंच त्याला थांबवलं. गाणं संपेपर्यंत त्याचे डोळे भरून आले होते.

"दादा आणखी चार मिनिटं थांबला असता ना," तो म्हणाला, "तर हे त्याला सगळ्यात जास्त आवडलं असतं."

घड्याळजीनं तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.