काकांच्या तोंडून

सूड घ्यायला सगळ्यात चांगली जागा कुठली, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, शाळेतली काउन्सलिंगची खोली. पंखा आहे, पाण्याचा जग आहे, आणि समोरच्या माणसाला मध्येच उठून जाता येत नाही.

मी कालिंदी. राहते यूपीत, दूधविनायकच्या मराठी वस्तीत, शिकते मैदागिनच्या बाजूच्या एका कन्या इंटर कॉलेजात (इकडे बारावीपर्यंतच्या शाळेलाच कॉलेज म्हणतात), नववीत. सूड घ्यायचा होता माझ्या मोठ्या काकांवर, प्रल्हादकाकांवर. बाबा रेल्वेत, इटारसीला असतात, म्हणून शाळेच्या कागदांवर माझे पालक काकाच. ते पाठशाळेत ज्योतिष शिकवतात. ग्रहण कितीला लागणार आणि कितीला सुटणार, हे तोंडी मांडतात. अशा घरात मी सातवीला गणितात नापास झाले. शंभरात एकवीस!

पण शिकवायला कोण होतं? काकाच. रोज संध्याकाळी दोन तास. मारायचे नाहीत हं, कधीच नाही. हसायचे. माझं उत्तर चुकलं की घरभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "या हो या, नवीन गणित जन्माला आलंय, बघून जा!" मग मला सात सक किती हेसुद्धा आठवायचं नाही. त्या वर्षी गणपतीत, आरती झाल्यावर, जमलेल्या सगळ्या मराठी मंडळींसमोर ते म्हणाले, "बाप्पाला मोदक एकवीस, आमच्या कालिंदीला मार्कही एकवीस!" सगळे हसले. शेजारचे रत्नाकरआजोबा तर प्रसादाचं ताट खाली ठेवून हसले. माझी मैत्रीण इंदू, तीही हसली. (तिला मी नंतर माफ केलं. तिने पाय धरले.)

आठवीत आमच्या शाळेत काउन्सलिंगला नुसरत मॅडम आल्या. मदनपुऱ्याच्या. गुरुवारी आणि शनिवारी, पूर्वी कॅरमबोर्ड ठेवायचे त्या खोलीत बसतात. मी सहामाहीला कोरा पेपर दिला म्हणून मला त्यांच्याकडे पाठवलं. मला वाटलं, आता भाषण. त्यांनी सात गणितं दिली, स्वतःची खुर्ची खिडकीकडे वळवली आणि म्हणाल्या, "मैं देख नहीं रही हूँ. हो जाए तो बता देना." सातपैकी पाच बरोबर आली. मॅडमनी विचारलं, "घर में कौन पढ़ाता है?"

मग त्यांनी आईला बोलावलं. पहिल्या खेपेला आई नुसती रडली आणि जगमधलं सगळं पाणी पिऊन आली. दुसऱ्या खेपेनंतर मात्र घरी येऊन काकांना म्हणाली, "भाऊजी, उद्यापासून कालिंदी इंदूकडे अभ्यासाला जाईल." लग्न होऊन आल्यापासून आई त्यांच्यासमोर एवढं लांब वाक्य बोलली नव्हती. काकांनी पंचांग उघडून तोंडासमोर धरलं. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आणि आठवीला मला गणितात चौऱ्याऐंशी मिळाले. चौऱ्याऐंशी! मी मार्कशीट काकांच्या पंचांगावर ठेवून आले, मुद्दाम.

त्यांनी बदला घेतला तो नववीच्या फॉर्मवर. यूपी बोर्डात मुलींना गणिताच्या जागी गृहविज्ञान घेता येतं. मी गणित लिहिलं होतं. काकांनी ते खोडून गृहविज्ञान केलं, सही केली आणि कोणाला सांगितलं नाही. वर्गात यादी लागली तेव्हा मला कळलं. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "दादाने केलंय ना, मग काही विचार करूनच केलं असेल." दुरुस्ती करता येत होती, पण सही काकांचीच हवी. शेवटचा दिवस गुरुवार. बड़े बाबूंची, म्हणजे ऑफिसातल्या हेडक्लार्कची, खिडकी दोनला बंद होते, आणि एकदा बंद झाली की बोर्डापर्यंत सगळी वर्षं मी पोळ्यांचे प्रकार शिकणार.

मॅडमनी काकांना शाळेच्या कागदावर 'आदरणीय गुरुजी' असं पत्र लिहिलं. त्यामुळेच ते आले. गुरुवारी सव्वा वाजता आम्ही चौघं बसलो, काका, आई, मी आणि मॅडम. बोलणं बरंचसं हिंदीत झालं, मी मराठीत लिहिते आहे.

मॅडम म्हणाल्या, इथे नियम एकच. एकाने बोलायचं. दुसऱ्याने उत्तर देण्याआधी ते परत बोलून दाखवायचं. पहिला 'हो, हेच म्हटलं' म्हणेल, तेव्हाच पुढे जायचं.

मला हा नियम माहीत होता. दोन रात्री मी वाक्यं घोकली होती.

"माझं गणित कच्चं नव्हतं," मी म्हणाले, "तुमचं शिकवणं कच्चं होतं."

काकांनी चष्मा काढला. पुसला. घातला. "ती म्हणते, तिला माझी पद्धत मानवली नाही."

"नाही, मी असं नाही म्हटलं."

"ती म्हणते, मी जरा कडक होतो."

"असंही नाही म्हटलं."

"गुरुजी," नुसरत मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "बच्ची ने जो कहा, बस वही."

काकांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर दात घासण्याच्या पद्धतीचा तक्ता होता. त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "माझं शिकवणं कच्चं होतं, असं हिचं म्हणणं."

आईला एकदम खोकला आला. तिने पदर तोंडाला लावला.

"हो, हेच म्हटलं," मी म्हणाले. अहाहा! मी लगेच दुसरं काढलं. "गणपतीत ऐंशी लोकांसमोर तुम्ही माझे मार्क सांगून माझं हसं केलंत."

"साठच लोक होते."

"गुरुजी."

"ऐंशी लोकांसमोर मी हिचं हसं केलं. साठ होते, पण हिचं म्हणणं ऐंशी."

"आणि मला गणित हवं आहे."

"हिला गणित हवं आहे," काका फटकन म्हणाले. "ऐकलं. आता माझी पाळी."

मी घड्याळ बघितलं. दीडला पाच कमी. मी खुशीत होते. बोला म्हटलं, काय बोलता ते.

काका सावकाश बोलले. "बत्तीस वर्षं शिकवतोय मी. माझे विद्यार्थी उज्जैनला पंचांग काढतात. घरातली मुलगी माझ्याकडे नापास झाली, आणि परक्याच्या ओसरीवर बसून पास झाली. पाठशाळेत लोक मला विचारतात, गुरुजी, भाचीला की पुतणीला कुणी शिकवलं हो? उद्या बोर्डाला ती पडली तर माझं नाव, आणि पहिली आली तरी माझंच नाव."

"काका म्हणतात, त्यांच्या नावाचा प्रश्न आहे," मी म्हणाले.

"नाही. असं नाही म्हटलं मी."

"काका म्हणतात, ते फार मोठे विद्वान आहेत आणि लोक त्यांना हसले."

"नाही."

"काका म्हणतात, त्यांना वाईट वाटलं!"

"नाही." आणि या वेळी त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू! तेव्हा माझ्या लक्षात आलं. एक चाळीस झाले होते. काकांनी फक्त 'नाही' म्हणत राहायचं होतं, वीस मिनिटं. माझाच नियम, माझ्याच गळ्यात. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी माझी बाजू घेतली नाही. आत्ता घ्यायची होती तर! आईकडे बघितलं. आई म्हणाली, "नीट ऐकलंस का तू?"

राग आला मला. मग विचार केला, ठीक. काकांना 'नाही' म्हणायला जागाच ठेवायची नाही. मी त्यांच्याकडे सरळ बघितलं, जसं गेल्या सात महिन्यांत बघितलं नव्हतं, आणि त्यांचं वाक्य न् वाक्य म्हटलं. बत्तीस वर्षं. उज्जैन. परक्याची ओसरी. भाचीला की पुतणीला. पडली तरी माझं नाव, पहिली आली तरी माझंच. एक शब्द गाळला नाही. पाठांतर माझं चांगलं आहे, तेही त्यांनीच करून घेतलेलं. आणि शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणून तुम्ही मला गणितच सोडायला लावलंत. म्हणजे मी पडायलाही नको आणि पहिली यायलाही नको."

"यह आख़िरी बात उन्होंने नहीं कही, बेटा," मॅडम म्हणाल्या.

काकांनी घड्याळाकडे बघितलं. दोनला बारा कमी.

"तोंडाने म्हटलं नाही," काका म्हणाले. मग गळा साफ केला. "पण हेच म्हटलं. हो."

मॅडमनी दुरुस्तीचा कागद त्यांच्यासमोर सरकवला. काकांनी विचारलं, "नंदा, तुझं काय मत?" आई दचकली. तिचं मत आमच्या घरात आजवर कोणी मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "सही करा, भाऊजी." त्यांनी केली. झोकदार, संस्कृतात.

मी पळाले. दोन जिने, एक व्हरांडा, पाणी पिणाऱ्या मुलींची एक रांग मोडून. बड़े बाबू खिडकीची फळी ओढतच होते. "अब आई हो?" असं खेकसले, पण त्यांनी कागद घेतला, कंप्यूटरवर खटखट केलं आणि पावती छापून दिली. सहावा विषय : गणित.

परत आले तर काका जिन्याखाली उभे. आई त्यांच्या चपला शोधत होती. काकांनी हात पुढे केला. "दाखव."

पावती मी त्यांच्या हातात दिली नाही. दोन्ही टोकं घट्ट धरून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, अगदी जवळ येऊन वाचली. सगळी वाचली, माझं नाव, जन्मतारीख, सहाही विषय. मला वाटलं, आता म्हणतील, शाब्बास. किंवा म्हणतील, चुकलं माझं.

"इंदूच्या घरी प्रकाश कमी आहे," ते म्हणाले. "डोळे बिघडतील. घरी बसत जा. मी त्या वेळी घाटावर जात जाईन."

"खरंच जाल?"

"जाईन म्हटलं ना."

मी पावतीची घडी घातली. माफ केलं नाही मी, अजूनही नाही. पण त्या संध्याकाळी काका साडेपाचला पंचांग काखेत मारून बालाजी घाटाकडे गेले, आणि मी त्यांच्या बैठकीवर, त्यांच्याच गादीवर मांडी घालून, नववीच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं.