पेंढीचा कोरडा ठसा

मित्रांनो, मी एक लाकडी ठसा आहे. वयाने तसा लहानच, पण मनाने पार विटलेला.

किन्हवलीच्या भागीरथीला स्वतः शिवलेल्या सदऱ्यांसाठी एक खूण हवी होती. आधी तिने बैलजोडी, डोंगर आणि उगवता सूर्य असं सगळं एकत्र काढलं. राघो सुतार कागद बघून हसला. "एवढं कोरलं तं कॉलरवर निसता डाग दिसंल गो!" मग भात झोडताना तिला पेंढी सुचली. तीन उभ्या रेघा, मधोमध एक बंध, बस्स! खळ्यावरच्या बायकांना तिने ती एकदाच दाखवली, पुसली आणि मातीत काढायला सांगितली. सगळ्यांना जमली. तेव्हा राघोने सागाच्या तुकड्यातून मला घडवलं.

मी फार मिरवलो. भागीरथी प्रत्येक शिवण ओढून बघायची आणि ती टिकली तरच मला रंग लावायची. शहापूरच्या बाजारात तिची मैत्रीण सरिता ते सदरे विकायची. लोक नुसतं "पेंढीवाला द्या" म्हणायचे.

एकदा सरिता म्हणाली, "ठसा दे गो चार दिवस. काही सदऱ्यांवर पुसट उमटलाय." भागीरथीने मला फडक्यात गुंडाळून दिलं. दुकानामागे बाहेरून आणलेल्या सदऱ्यांचे गठ्ठे होते. एकालाही भागीरथीचा हात लागलेला नव्हता. सरिता मला त्यांच्यावर दाबत राहिली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो!

पुढे राघोच उसवलेला सदरा घेऊन भागीरथीकडे आला. "तुजी पेंढी बघून घेतला नं मी. एका धुण्यात गेला." तिने शिवण पाहिली, ती तिची नव्हती. खूण मात्र तिचीच होती. ती तडक शहापूरला आली.

"गिऱ्हाईक पेंढी बघतंय, टाका कोन बघतंय?" सरिता म्हणाली. इतकी वर्षं एका ताटात जेवलेली बाई! मला उचलून भागीरथी घरी आली आणि राघोचा सदरा तिने पुन्हा शिवून दिला.

फसवलं सरिताने, पण भागीरथीचा माझ्यावरचाही विश्वास उडाला. आता ती लाल दोऱ्याने एकेक पेंढी हाताने काढते. मित्रांनो, आपली खूण मैत्रीखातर कुणाच्या हाती देऊ नका. आणि दिलीत, तर निदान त्या खुणेवर राग धरू नका.

पेंढीचं माप घ्यायला भागीरथी अजून मला कॉलरवर ठेवते. मी रंगाची वाट बघतो. ती खडूने खुणा करते आणि मला उचलते, कोरडाच.