पिवळी चौकट

“ही वाक्यं कोणी सांगितली?” सरांनी कागदावरून नजर न काढता विचारले.

टेबलापलीकडे तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली उभ्या होत्या. वर्गात एकीला सगळे बडबडी म्हणत आणि दुसरीला चष्मेवाली. सरही मनातल्या मनात तेच म्हणत. बडबडीने आधी मैत्रिणीकडे पाहिले.

“तुम्हीच, सर.”

“मी वापरकर्ता आहे?”

“नाही, पण काकूंना बोलता येत नाही ना. म्हणून तुम्हाला विचारलं.”

“म्हणजे घरच्यांना विचारून मोकळ्या झालात. इतके दिवस मी काय भिंतीला शिकवत होतो?”

त्यांनी पानावर आडवी रेघ ओढली. पाणी हवं. दुखतंय. कूस बदला. दिवा लावा. ही सारी वाक्ये त्यांनी स्वतः, पत्नीच्या वतीने, पुरेसा विचार करून सांगितली होती.

“पुन्हा जा. तिला विचारा. मी घरात असलो तर मला बाहेर काढा.”

संगणकशास्त्राच्या पदवीला सर माहिती प्रणालींचा विषय शिकवत. मुलांना तो फारसा आवडत नसे, कारण त्यात संगणक कमी आणि माणसे जास्त होती. प्रत्येक जोडीने एक खरा माणूस शोधायचा, त्याची अडचण समजून घ्यायची, त्याच्यासाठी प्रणाली तयार करायची आणि सत्राच्या शेवटी ती त्या माणसाने सर्वांसमोर स्वतः चालवून दाखवायची. त्या वेळी बनवणाऱ्यांनी तोंड उघडायचे नाही. वापरकर्ता नाही तर गुण नाहीत. बाकीच्यांनी वसतिगृहाची खाणावळ, सायकलदुरुस्तीचे दुकान असले काही निवडले होते. या दोघींनी सरांची पत्नी मागितली. सरांनी एक दिवस विचार केला, गुणदानाचे काम सहकाऱ्याकडे सोपवले आणि परवानगी दिली.

त्यांची पत्नी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर नोकरीला होती. आजाराने आधी तिची जीभ नेली, मग पाय, मग हात. चेतापेशी एकामागून एक काम थांबवतात. का, ते निश्चित ठाऊक नाही, आणि बरे करणारे औषध नाही. सरांनी त्यावरचे हाती लागतील तेवढे शोधनिबंध वाचले होते. नशीब, ग्रह, कोणाची दृष्ट असले काही त्यांना सुचवायला आलेले नातेवाईक चहा पिऊन परत जात.

उजव्या हाताची तर्जनी तेवढी हलत होती. समोर अक्षरांचा तक्ता धरायचा, त्यावरून बोट फिरवायचे, हवे ते अक्षर आले की ती तर्जनी उचले. मुलींच्या यंत्रात तक्ता धरायला कोणी लागणार नव्हते. पडद्यावर वाक्यांची घरे, त्यांवरून सावकाश सरकणारी एक पिवळी चौकट आणि तर्जनीखाली मऊ बटण. चौकट हव्या त्या घरावर आली की दाबायचे. यंत्र ते वाक्य मोठ्याने म्हणणार.

मुली दुसऱ्यांदा घरी आल्या तेव्हा सरांना खरोखरच स्वयंपाकघरात बसवण्यात आले. ते भांडी विसळत राहिले. आतून दोनदा हसण्याचा आवाज आला.

“झालं, सर,” बडबडी बाहेर येऊन म्हणाली. “पहिलं वाक्य, ‘गप्प बस.’”

“ही गरज आहे?”

“वापरकर्त्याची आहे.”

“पुढे.”

“‘भात परत करपलाय.’ ‘ती निळी साडी वहिनीला देऊ नकोस.’ ‘व्याख्यान आवर.’”

“सगळी माझ्यावरच आहेत की.”

“एक नाहीये.” ती घुटमळली. “म्हणजे, आहे. ‘इकडे ये.’”

“ते तर तक्त्यावरही सांगता येतं.”

“नाही येत, सर. तुम्ही तक्ता धरलात तर येतं,” आतापर्यंत गप्प असलेली चष्मेवाली म्हणाली. “काकूंनी अक्षरं लावून सांगितलं, खिडकीवर जन्म गेला. लोक विचारणार, मी उत्तर देणार. आता घरातही तेच. मला आधी बोलायचंय.”

सरांनी हात पुसले. बराच वेळ पुसले.

सत्र निम्मे उलटल्यावर मुली संगणक घेऊन आल्या. घरे अजून थोडीच होती, पण चौकट सरकत होती आणि यंत्र बोलत होते.

“आजपासून इथेच ठेवू या का? काकू वापरतील, तोवर आम्ही बाकीचं करू.”

सरांनी बटण पुन्हापुन्हा दाबून पाहिले. एकदा चौकट मध्येच अडकली. दाबूनही आवाज आला नाही.

“हे असं नाही चालणार,” ते म्हणाले. “तिनं दाबलं आणि मी आलो नाही, तर तिला वाटेल ऐकून आलो नाही. दोष काढा, चाचण्या पूर्ण करा, मग आणा.”

“अहो सर, कधीतरीच अडकतं.”

“कधी अडकतं ते सांगता येतं का?”

“नाही.”

“मग नाही.”

युक्तिवादात खोट नव्हती. मुली संगणक आवरू लागल्या, तेव्हा पलंगावरून घशातला एक आवाज आला. सरांनी तक्ता धरला. तर्जनी उठत गेली, आणि अक्षरे जुळली: मी तुझी विद्यार्थिनी नाही.

बडबडीला हसू आवरेना. सरही हसले. “पुढच्या आठवड्यात,” ते पत्नीला म्हणाले. “नक्की. पक्कं करून देतो.”

तर्जनी हलली नाही.

त्या आठवड्यात तिला छातीचा संसर्ग झाला आणि दोन दिवसांत ती गेली. मुलींनी दोष शोधून काढला होता. तो अगदी किरकोळ निघाला.

सर महाविद्यालयात परतले तेव्हा विभागप्रमुख त्यांच्या खोलीत येऊन बसल्या. “त्या दोघींना सवलत देऊ या. वापरकर्ता... म्हणजे, परिस्थितीच तशी.”

“नियमात सवलत नाही.”

“नियम तुमचाच आहे.”

“म्हणूनच.”

दारात त्या दोघी उभ्या होत्या. “आम्हाला शून्य चालेल, सर,” चष्मेवाली म्हणाली आणि रडू लागली.

“मला नाही चालणार,” सर म्हणाले. “तयार यंत्र कपाटात ठेवायला केलं नाही आपण. घरी व्यायाम द्यायला यायच्या त्या बाईंना मी विचारलंय. त्यांच्याकडे एक ट्रकचालक आहेत. तोच आजार, अंगठा हलतो.”

ट्रकचालकांच्या घरी त्यांच्या सूनबाई उत्साहाने सांगू लागल्या, “बाबांना ना, पाणी लागतं, मग औषध...”

“ताई, तुम्ही जरा बाहेर थांबाल का?” बडबडी म्हणाली. सर सूनबाईंबरोबर ओसरीत जाऊन उभे राहिले.

नव्या वाक्यांसाठी जुनी घरे रिकामी करणे भाग होते. प्रयोगशाळेत चष्मेवाली संगणकासमोर बसली, पण तिचा हात पुढे होईना.

“ऊठ,” सर म्हणाले. “मी करतो.”

“एक प्रत ठेवू का, सर?”

“ती वाक्यं तिची होती. तिनंच म्हणायची होती.”

वाक्य पुसण्यापूर्वी यंत्र ते एकदा मोठ्याने म्हणून दाखवत असे. चुकून भलतेच पुसले जाऊ नये म्हणून ही खबरदारी सरांनीच सुचवली होती. गप्प बस. पुसायचे? हो. भात परत करपलाय. पुसायचे? हो. यंत्राचा आवाज सपाट होता, कोणाचाच नव्हता. व्याख्यान आवर. हो. एकेक घर पांढरे होत गेले.

“इकडे ये,” यंत्र म्हणाले.

सर हलले नाहीत. मुली जमिनीकडे बघत होत्या. पडद्यावर प्रश्न तसाच थांबला होता. मग सरांनी ‘हो’ दाबले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी ट्रकचालकांना चाकांच्या खुर्चीतून प्रयोगशाळेत आणले. वर्ग भरला होता. विभागप्रमुख आणि गुण देणारे सहकारी पुढच्या रांगेत बसले; सर बाजूला, भिंतीशी. नियमाप्रमाणे दोघी मुली गप्प उभ्या राहिल्या. अंगठ्याखाली बटण ठेवले गेले आणि पिवळी चौकट सरकू लागली.

एक फेरी झाली. दुसरीही झाली. मागून कोणी खाकरले. “दाबा ना, बाबा,” सूनबाई कुजबुजल्या. ट्रकचालकांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्यांचे डोळे चौकटीवर होते. तिसऱ्या फेरीला अंगठा खाली गेला.

“पंखा बंद करा. गारठलो मी,” यंत्र म्हणाले.

वर्गात हशा उठला, टाळ्या सुरू झाल्या. बडबडीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले होते. टाळ्या चालू असतानाच सर भिंतीपासून उठले, खुर्च्यांमधून वाट काढत दारापर्यंत गेले आणि त्यांनी पंखा बंद केला. पाती पूर्ण थांबेपर्यंत ते बटणावर हात ठेवून तिथेच उभे होते.