लाल लंगोटाच्या वाटणीचं ऊन

"काढ ते आधी तिथनं! त्या दोरीवर न्हाय म्हंजे न्हाय. गल्ली बघाय लागलीया!"

"बघू दे की. रोज लंगोट बघत न्हाय व्हय गल्ली?"

"लंगोट येगळा आणि हे येगळं!"

"काय येगळं, आई? कापड तेच हाय!"

मित्रांनो, सकाळी सकाळी ह्या भांडत्यात त्या मीनाबाई आणि तिची पोरगी क्रांती. आणि ज्याच्यावरनं भांडत्यात तो मी. दोरीवर चिमट्यात लटकतोय. मी एक जुना लंगोट हाय. म्हंजे हुतो. आता माझे चार तुकडे झाल्यात, शिवून घड्या केल्यात, आणि पाळीच्या दिवसांत क्रांती मला वापरते. तोंड वाकडं करू नगा. आधी ऐका, मग काय ते बोला.

माझा जन्म कळंब्याचा. क्रांतीचा बाप केरबा तवा मिसरूड फुटल्यालं पोरगं हुता. त्यानं लालभडक सुती कापड आणलं, शिंप्यानं मला शिवलं, आणि अंगाला लावायच्या आधी केरबानं मला तालमीतल्या मारुतीपुढं ठिवलं. वस्तादांनी नारळ फोडला. असली सुरवात दुसऱ्या कुठल्या कापडाला मिळत्या, सांगा बघू? भरजरी शालूला बी न्हाय.

काय दिवस हुते ते! पहाटं पहाटं मेहनत. हौद्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, कापूर कालवल्याला. त्या वासाची आठवण आली की आजबी माझं सूत ताठ होतंय. जोर मारताना केरबाचा घाम माझ्यात मुरायचा. हौद्यात उतरला की अंगावर मातीचा थर चढायचा. समोरचा गडी घिस्सा मारताना माझ्यातच हात घालून वढायचा, टाके करकरायचे, पण मी सुटलो न्हाय. शाहूवाडीकडच्या एका जत्रंत केरबानं आपल्या दीडपट गड्याला ढाक मारून अस्मान दाखिवलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. त्याला म्हंजे मलाबी की!

आणि धुणं? पैलवान आपला लंगोट आपल्या हातानं धुतो. आईला देत न्हाय, बायकोला देत न्हाय. सुरवातीला माझा रंग लई जायचा. धुतलं की न्हाणीतनं लाल पाणी निघायचं, दारापुढच्या गटारीतनं पार कोपऱ्यापतुर जायचं. कुणी नाक मुरडलं न्हाय. पोरं उलट कौतुकानं सांगायची, "केरबादानं नवा लंगोट घेतलाय." मग पिळून, झटकून, दारापुढच्या दोरीवर भर उन्हात. येणारा जाणारा बघायचा. मी झेंड्यागत फडफडायचो.

मग केरबाचं लगीन झालं, गुडघा गेला. म्हशी आल्या, दुधाचा रतीब आला, क्रांती झाली. आणि मी ट्रंकेत. अंधार, डांबरगोळ्यांचा वास. लई राग यायचा मला. अंगाला अंग लावून एवढी वर्सं काढली, आणि ह्या बाबानं एकदाबी ट्रंक उघडून बघू नये?

बाहीर काढलं ते क्रांतीनं. ती बी कुस्ती खेळते, मॅटवरची. हातापायानं दांडगी, तोंडानं त्याहून. विकतचं पॅड लावून सराव केला की तिच्या मांड्या सोलवटायच्या. त्यात एक दिस गल्लीतल्या कुत्र्यानं कचऱ्यातली कागदाची पुडी फोडली आणि कुणाचं तरी वापरल्यालं पॅड तालमीच्या दारात आणून टाकलं. तालमीतली पोरं वरडली, बायका दारं लावून आत गेल्या, उचलाय कोण येईना. शेवटाला क्रांतीनंच उचललं. घरी येऊन चप्पल भिरकावली आणि म्हणाली, "आई, निम्मं प्लॅस्टिक असतंय त्यात. मी म्हातारी होऊन मरंन, तरी ते ओढ्यात तसंच ऱ्हाणार. मला कापड दे."

धुऊन धुऊन मऊ झाल्यालं सुती कापड घरात एकच हुतं. मीनाबाईनं केरबाला न इचारता कात्री चालवली.

दुखलं का? दुखलं की! पण परत कुस्तीत आलो, म्हणून सोसलं.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला अजून कळंना. पाणी तसंच लाल, मग आता न्हाणीचं दार का लावून घ्यायचं? आणि वाळवायचं कुठं, तर त्याच दारामागं खिळ्याला, वरनं टॉवेल टाकून. ऊन न्हाय, वारा न्हाय. पावसाळ्यात तर मी दिवस दिवस वलाच. माझाच कुबट वास मला यायचा. क्रांती तसंच वापरायची, सांगणार कुणाला? गेल्या महिन्यात तिला खाज सुटली, फोड आलं, धड बसता येईना. नेमकी तवाच पन्हाळ्याला निवडीची कुस्ती हुती. ही अंथरुणात. उशीत तोंड खुपसून रडली, ते मी खिळ्यावरनं ऐकलंय. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी इचारलं, "कापड उन्हात वाळवतेस का?" क्रांती आईकडं बघाय लागली आणि आई भिंतीकडं.

त्या निवडीत ऱ्हायलेल्या पोरींची कुस्ती आता उद्या हाय, पन्हाळ्यालाच. दुपारच्या एसटीनं निघायचं. पाळी कालच आली. म्हणून क्रांतीनं आज मला धुतलं आणि सरळ दारापुढं आणून घातलं. दुपारपतुर वाळलो तर बॅगेत कोरडा जाणार. न्हाय तर परत वलं कापड, परत तेच दुखणं, आणि कुस्ती गेली ती गेलीच.

तर भांडण चाललंच हुतं. समोरची आक्का कट्ट्यावर शेंगा फोडत बसलीती. "मीनाबाई," तिनं मुद्दाम मोठ्यानं इचारलं, "कसलं तोरण बांधलंय गं दाराला?"

"तोरण न्हवं, आक्का," क्रांती हितनंच वरडली. "तुमी रोज तालमीच्या दोरीवरच्या लंगोटांकडं बघत बसता न्हवं, तसलंच हाय!"

आक्काच्या मांडीवरनं शेंगा सांडल्या.

मीनाबाई टॉवेल घेऊन आली, मला झाकाय. क्रांतीनं तिचा हात धरला. एक वढतीया, एक सोडंना. तेवढ्यात केरबाची मोटरसायकल दुधाच्या रिकाम्या बरण्या वाजवत दारात आली.

केरबानं दोरीकडं बघितलं. जवळ आला. काठ बोटानं चाचपला. तिथं त्यानंच कधीकाळी घातल्याला एक वाकडा टाका अजून हुता.

"हा माझा लंगोट."

"व्हय," मीनाबाई बारीक आवाजात म्हणाली.

"कापलास?"

"कापला."

"मारुतीपुढं ठिवल्याला हुता त्यो!" असा वरडला की दावणीची म्हस दचकली.

"मग?" क्रांती पुढं आली. "अजून पैलवानाच्याच अंगाला हाय की, आप्पा. मी काय लगोरी खेळते व्हय?"

केरबाचा हात माझ्यावर तसाच. मला वाटलं, आता हिसडा मारतोय. माझा जीव चिमट्यात. मग त्याचं लक्ष टॉवेलाकडं गेलं.

"हे कशाला?"

"झाकाय," मीनाबाई म्हणाली. "लोकं बघत्यात."

"झाकलं तर वाळंल कसं? मी एकदा वला लंगोट लावून तालमीत गेलतो. वस्तादांनी भर हौद्यात कानफडलं. तवर जांघंत नायटा उठलाताच. महिनाभर फेंगडा चालत हुतो."

"ठावं हाय," मीनाबाई म्हणाली. "मला बघाय आलासा तवाबी फेंगडंच चालत हुतासा. आमची आई म्हणत हुती, पोरगा अधू हाय का काय." आणि तिला हसूच आवरंना.

केरबानं तिच्या हातातला टॉवेल घेतला, तोंड पुसलं आणि स्वताच्या खांद्यावर टाकला. "कापायच्या आधी इचारायचं तरी," एवढंच म्हणाला आणि बरण्या उतरवाय लागला. मला ओळखलं त्यानं, मित्रांनो. एवढ्या वर्सांनी.

मीनाबाई तरीबी माझ्यापुढं पदर पसरून उभीच, पडद्यागत. मग भाकरी करपल्याचा वास आला आणि ती आत पळाली. तवा कुठं अंगावर ऊन आलं. आहाहा!

मित्रांनो, विकतचं वापरायचं का कापड, ते जिचं तिनं ठरवावं. क्रांतीची दोस्त तेजस्वी, ती पाळीचा कप वापरते, तिला तेच सोसतंय. पण वापरल्यालं कुत्र्याच्या तोंडी आणि ओढ्याच्या पाण्यात टाकू नगा. आणि कापड घेतलं तर साबणानं सवच्छ धुवा, खडखडीत उन्हात वाळवा. विरलो की सोडून द्या, जीव लावला म्हणून वढत बसू नगा. मी मातीत गेलो तर मातीच होणार, वाढलोय बी मातीतच. आणि भावांनो, तुमच्या घरात दोरी एकच असंल तर तुमची बनियन जरा बाजूला सरकवा. तेवढ्यानं काय तुमचं ऊन कमी होत न्हाय.

अजून लई सांगायचं हुतं, जत्रंतल्या त्या कुस्तीचं तर निम्मंबी सांगितलं न्हाय. पण क्रांती चिमटे काढाय लागलीया. वाळलो मी, कडक वाळलो. बॅग उघडी हाय, केरबानं गाडीला किक मारली, एसटी थांबणार न्हाय. मला निघाय पायजे.