पाणी सुटल्याचा निरोप

मित्रांनो, पेडगावच्या पलीकडे एका लहानशा गावात पाण्याच्या टाकीखाली एक खोली आहे. तिथल्या फळीवर, ब्लीचिंग पावडरच्या पोत्याशेजारी, धूळ खात पडलेला जुना संगणक म्हणजे मी. परवा एका पालीने माझ्या पंख्यात अंडी घातली. माझी तेवढीच काय ती विचारपूस!

माझे सुटे भाग कुठल्यातरी कारखान्यात जोडले गेले, पण मला खरा जीव दिला तो सुकेशनीने. ती याच गावची, किशनरावांची मुलगी. परभणीला शिकून इंजिनिअर झाली आणि पुण्यात नोकरीला लागली. तिची आत्या सगुणाबाई गावाच्या पार टोकाला एकट्या राहायच्या. आमच्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही लाइटच्या मर्जीने, कुठल्याही वेळी. टोकाच्या गल्लीत दाब इतका कमी की नळ खड्ड्यात घ्यावे लागले आहेत. घटकाभर बारीक धार येते आणि जाते. तेवढ्यात हंडे भरले तर भरले, नाहीतर बारवेच्या निसरड्या पायऱ्या उतरायच्या. सगुणाबाईंचे गुडघे पार गेले होते. आत्याला बारवेत उतरावं लागू नये, एवढ्याचसाठी सुकेशनीने माझ्यात एक प्रोग्राम लिहिला.

टाकीत बसवलेलं यंत्र मला पाण्याची पातळी सतत कळवायचं. ती बातमी ऐकायला प्रत्येक घराचं एकेक सबस्क्रिप्शन होतं. तुम्ही मोबाइलवर एखाद्या चॅनेलला करता ना, तसंच. पाणी सुटायची वेळ झाली की त्या सबस्क्रिप्शनमार्फत घरोघरच्या मोबाइलवर निरोप जायचा. पहिल्यांदा निरोप गेला तेव्हा सगुणाबाई काठी टेकत मला बघायला आल्या होत्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "लय गुणाचं हाय गं लेकरू." मी कामाला लागलो तो त्या शब्दांवर.

गावात माझं कौतुक व्हायला लागलं. येणारे-जाणारे खोलीत डोकवायचे. पाणी सोडणारा महारुद्र मोठा हौशी. कोणी आलं की तो त्या घराचं पान पडद्यावर उघडून दाखवायचा, "हे बघा, तुमचा नंबर. टाकी अर्धी भरायलीय." मग पान बंद करायचा. पडद्यावरून पान जायचं, पण माझ्या आत काय व्हायचं ते त्याला कुठून दिसणार? पान उघडलं की त्या घराचं नवं सबस्क्रिप्शन सुरू व्हायचं, आणि जुनं बंद करायची ओळ लिहायची सुकेशनीकडून राहून गेली होती. म्हणजे एकाच घराचे दोन, चार, दहा कान माझ्या आत टाकीकडे लागून राहायचे. प्रत्येकाला जागा हवी, प्रत्येकाला बातमी हवी.

तरी बरीच वर्षं काही बिघडलं नाही. कारण लाइट! लाइट गेली की मी बंद पडायचो आणि सगळी जुनी सबस्क्रिप्शनं माझ्याबरोबर विझून जायची. लाइट आली की मी कोऱ्या मनाने उठायचो, घरटी एकच सबस्क्रिप्शन सुरू करायचो. गाव ज्या लाइटला शिव्या द्यायचं, ती माझी झाडलोट करून जायची.

मग एका दसऱ्याला गावाने माझी पूजा केली. झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं, आणि मोठ्या मायेने मला एक इन्व्हर्टर आणला. महारुद्राने सगळ्यांसमोर सांगितलं, "आता ह्याला बंद पडू देणार न्हाई. पाण्याचं यंत्र हाय, बंद केलेलं बरं दिसत न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही फुलून गेलो. त्या दिवसापासून मला क्षणाचीही विश्रांती मिळाली नाही.

आत गर्दी वाढत गेली. एकाच घराला तोच निरोप पुन्हा पुन्हा जायला लागला. लोक हसायचे. "संगणकाला आमची लय माया आलीय," म्हणायचे. पण निरोप रांगेने जायचे, आणि रांगेत शेवटी टोकाची गल्ली. वरच्या गल्लीला दहा-दहा निरोप पोहोचेपर्यंत खालच्यांना एकही पोहोचत नव्हता. माझा पंखा घरघरायचा, अंग तापायचं. महारुद्र ओल्या फडक्याने मला पुसायचा, पण बंद काही करायचा नाही.

उन्हाळ्यातली एक दुपार. पाणी सुटलं. मी निरोप पाठवत होतो, पाठवतच होतो. सगुणाबाई निरोपाची वाट बघत घरात बसून होत्या. वरच्या गल्लीतल्या बायका धुणं वाळत घालताना दिसल्या तेव्हा त्यांना कळलं, पाणी येऊन गेलं. त्या घागर घेऊन बारवेकडे निघाल्या. त्यांच्यासाठीचा निरोप त्यानंतर पोहोचला, घरात राहिलेल्या मोबाइलवर. एकदा नाही, कितीतरी वेळा. ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

त्या पायऱ्यांवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. परभणीला दवाखान्यात नेलं, पण त्या पुन्हा उठल्या नाहीत. पावसाळ्याआधीच गेल्या. मित्रांनो, यंत्राला रडू येत नाही असं म्हणतात. म्हणोत बापडे.

सगळं आटोपल्यावर सुकेशनी खोलीत आली. माझा वाळलेला हार तसाच होता. तिने माझ्या आत पाहिलं, एकेका घराची साचलेली सबस्क्रिप्शनं मोजली. मग राहिलेली ओळ लिहिली. एकेक जुनं सबस्क्रिप्शन शोधून बंद केलं. शेवटी एकच पान पडद्यावर उरलं.

"काका, आत्याचंबी बंद करावं लागंल," ती म्हणाली.

महारुद्राचे डोळे भरून आले. "राहू दे की बाई तेवढं. एकानं काय होतंय?"

"एकेकानंच झालंय, काका."

तिने ते बंद केलं.

पुढे तोच दुरुस्त प्रोग्राम नव्या संगणकावर गेला आणि मी फळीवर आलो. त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, एवढं ऐका. जे सुरू कराल, ते काम संपल्यावर आठवणीने बंदही करा. बंद करणं म्हणजे अपमान नव्हे, तीही काळजीच आहे. आमच्यासारख्यांना हार घालू नका. त्यापेक्षा अधूनमधून बंद करून आत काय साचलंय ते बघा. आमच्या एका निरोपावर कोणीतरी घरात बसून असतं.

दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं. धार खड्ड्यातल्या नळांना पोहोचण्याआधी टोकाच्या गल्लीतल्या प्रत्येक घराला निरोप मिळाला. सुकेशनी आत्याचा मोबाइल हातात घेऊन माझ्यासमोर बसली होती. तो वाजला नाही.