ताईच्या वाटीतली मुशी

विमलामावशीवर मला संशय आला तो मणक्यामुळे.

नम्रताताई बाळंतपणासाठी आमच्याकडे मिरकरवाड्याला आली आहे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून लहान मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, कालवण द्यायचं, हे आमच्याकडे ठरलेलंच. मावशी बंदरावर मासे विकते, म्हणून मुशी तीच आणते. पण नेहमी कापून, डबा भरून. डोकं नाही, शेपटी नाही. का बरं?

आज मी डब्यात बघितलंच. लहान मुशीचा मणका करंगळीच्या नखाएवढा असतो, हा तर बाटलीच्या झाकणाएवढा! आणि गेल्याच आठवड्यात शाळेत मत्स्य महाविद्यालयाच्या मॅडम सांगून गेल्या होत्या. मोठा मासा लहान माशांना खातो, त्यांच्या अंगातला पारा त्याच्यात साठत जातो, धुऊन-उकळून तो जात नाही. माईकवर पहिला प्रश्न विचारायला मीच उठले होते, त्यामुळे सगळं पाठ!

आईने ताईला कालवण वाढलं, तसं मी विचारलंच, "मावशी, ही मुशी केवढी होती?"

"होती चांगली. तुला काय करायचंय गो?"

"डोकं का नाही आणत?"

"डोकं तुझ्या गळ्यात बांधू? आली मोठी इन्स्पेक्टर!"

"खरं सांग. मोठीचे न खपलेले तुकडे आहेत ना?"

मावशीचा चेहरा उतरला. "न खपलेले? अगो, लहान मुशी हल्ली येतच नाही. लिलावात भांडून मोठी घेते, मधला तुकडा तुमच्यासाठी कापते. मोठी मुशी, जास्त दूध, असं वाटलं. डोकं बघितलंत तर घाबराल, म्हणून तिथेच टाकते."

मग मी पाऱ्याचं सगळं सांगितलं. जरा जोरातच. आईने गॅस बंद केला. ताईने हातातली वाटी खाली ठेवली, आणि तेवढ्यात बाळ रडायला लागलं.

ताई त्याला घेईना.

"दुधातून जात असेल तर? इतके दिवस खाल्लंय मी."

बाळ लालबुंद. आई म्हणाली, "पाज गो त्याला!" ताई नुसती माझ्याकडे बघत होती, जणू मलाच विचारून पाजायचं. आणि मॅडमनी याबद्दल काय सांगितलं ते मला आठवेना! मी धावत मोबाईल आणला, ताईच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"दूध मुळीच बंद करू नका," त्या म्हणाल्या. "मोठी मुशी बंद करा. बांगडा, तारली खाऊ दे. आणि येत्या तपासणीला मला सगळं सांगा."

ताईने बाळाला पदराखाली घेतलं. रडणं थांबलं. तरी ती मध्येच वाकून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

मावशीने कालवणाचं पातेलं उचललं.

"कुठे नेतेस?" मी विचारलं.

"घरी. मी खाते. माझ्याकडे कोण दूध मागतंय? आणि उद्या बांगडे आणीन, डोक्यासकट. नीट तपासून घे, इन्स्पेक्टरबाई."